चिपाडाचं ताट

बऱ्याच दिवसांनी इथे लिहायला बसले आहे. मध्यंतरी बरंच काही वाचलं, त्यातलं थोडं डोक्यात राहिलं, आणि जे राहिलं ते शेवटी एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूभोवती गोळा झालं. ती वस्तू म्हणजे जेवून टाकून द्यायचं ताट. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आमच्या क्रांती चौकात शिवजयंतीला जी गर्दी लोटते, ती पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. महाराजांच्या पुतळ्याभोवती ढोल-ताशे, आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर कुणी पाणी, कुणी ताक, कुणी मसालेभात वाटत असतं. पूर्वी हा मसालेभात थर्माकोलच्या पांढऱ्याशुभ्र वाटीत मिळायचा. आता बऱ्याचदा हाताला पुठ्ठ्यासारखी लागणारी, जराशी मळकट रंगाची वाटी मिळते. ही उसाच्या चिपाडाची. कारखान्यात रस काढून घेतल्यावर जो चोथा उरतो, त्याचा लगदा करून साच्यात दाबलेली. वाटणारी पोरं अभिमानाने सांगतात, "काकू, मातीत विरघळते ही." एक जण तर म्हणाला, "क्रांतीच आहे म्हणा ना!"

आता क्रांती हा शब्द या चौकात जरा जपून वापरावा. इथे काळा चबुतरा आहे. १८५७ च्या जून महिन्यात इथल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने बंड केलं, जनरल वुडबर्नची फौज ते मोडायला आली, आणि पकडलेल्या शिपायांना देहदंड दिला गेला. त्यांच्या आठवणीने काळ्या चबुतऱ्याचा परिसर क्रांती चौक झाला. आज पुलावरून भर्रकन जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे. सांगायचं इतकंच, की या चौकाला क्रांती चौक व्हायच्या आधीही एक नाव होतं. तसंच या 'क्रांतिकारक' ताटालाही आधीचं नाव आहे. पत्रावळ.

माझ्या मावसबहिणी हे वाचतील तेव्हा त्यांना आजीचा ओटा आठवेल. उन्हाळ्यात, लग्नसराईच्या आधी, पळसाच्या पानांचे गठ्ठे यायचे. पळसाला पाने तीनच हे आम्ही म्हण म्हणून नाही, मोजूनच शिकलो. पानं दगडाखाली दाबून सपाट करायची, वाळवायची, टाचायच्या आधी पाण्याचा हबका मारायचा म्हणजे ती मऊ पडतात. मग एकेक पान बारीक काडीने जोडत गोल फिरवत न्यायचं. आमटीसाठी द्रोण वेगळे. आजीची पत्रावळ अशी घट्ट असायची की वरणाचा थेंब खाली उतरायचा नाही. माझी पत्रावळ मात्र कायम कोरड्या भाजीपुरतीच.

पंगत उठली की पत्रावळींचं काय व्हायचं? आधी गाई-शेळ्या यायच्या, मग कुत्री. उरलेलं सगळं उकिरड्यावर. तिथे शेण, राख, पालापाचोळा यांच्याबरोबर ते वर्षभर कुजायचं आणि मृगाच्या आधी गाडीत भरून शेतात जायचं. ज्या मातीतून पान आलं त्याच मातीत ते परत. आज ज्याला मोठमोठी नावं देतात, ते एवढंच आहे.

इथपर्यंत आपण सगळे आनंदाने माना डोलावतो. पण एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. पंगतीपासून उकिरड्यापर्यंत त्या पत्रावळी उचलून कोण नेत होतं? राजसूय यज्ञात प्रत्यक्ष कृष्णाने उष्ट्या पत्रावळी उचलल्या, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकली आहे. देवाने उचलल्या म्हणून त्या गोष्टीचं कौतुक झालं. गावोगाव ज्यांनी पिढ्यानपिढ्या उचलल्या, त्यांची गोष्ट कीर्तनात आली नाही. जातीने नेमून दिलेलं काम होतं ते, आणि उष्टं उचलणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा तेच उष्टं जेवण म्हणून यायचं. पत्रावळीच्या आठवणीने गळा दाटून येतो तेव्हा हेही आठवायला हवं, नाहीतर ती आठवण अर्धीच.

हे मनात ठेवून जरा आपल्याच जिल्ह्यात फिरून येऊ. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचं गाव लागतं. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीहून राजधानी देवगिरीला हलवली, तिचं दौलताबाद केलं, आणि पुढे ती परतही नेली. राजधानी गेली, पण तिच्याबरोबर आलेले कारागीर इथेच राहिले. कागद करणारे कागजी त्यांतलेच, असं तिथली परंपरा सांगते. मराठ्यांच्या दफ्तरांत जुन्नरी कागदाबरोबर दौलताबादी कागदाचं नाव येतं, तो हाच.

हा कागद कशाचा? चिंध्या, जुनी पोती, सुतळ्या, दोरखंडांचे तुकडे. म्हणजे कापूस नि ताग यांचं आयुष्य संपल्यावर जे उरतं ते. चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, कुटायचं, धुवायचं, हौदात पाण्याबरोबर ढवळायचं, आणि काड्यांच्या चाळणीवर तो लगदा अलगद उचलून घ्यायचा. पाणी खाली गळतं, तंतू एकमेकांत गुंतून वर राहतात. तो पापुद्रा वाळवायचा, त्याला खळ द्यायची, दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. झाला कागद.

हे वाचत असताना माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. क्रांती चौकातली ती वाटी म्हणजे दुसरं काही नाही, वाटीच्या आकाराचा कागद आहे! तंतू, पाणी, चाळणी, तेच सगळं. फरक इतकाच की आता चाळणी वाटीच्या आकाराची असते, पाणी यंत्राने खेचून घेतात, आणि उन्हाऐवजी तापलेल्या साच्यात दाबून वाळवतात.

लगद्यातून थेट ताट काढायची ही यंत्रं अमेरिकेत तयार झाली. मार्टिन कीज नावाच्या गृहस्थाने लाकडाच्या पातळ पापुद्र्यांच्या कारखान्यात मजूर टाकाऊ पापुद्र्यांवर डबा खाताना पाहिले, आणि त्यातून त्याला ताटाची कल्पना सुचली, असं सांगतात. १९०३ साली त्याने मेन राज्यात कंपनी काढली. तिकडे लाकूड मुबलक, म्हणून ताट लाकडाच्या लगद्याचं. पुढे १९२० च्या दशकात लुइझियानामध्ये सेलोटेक्स कंपनी उसाच्या चोथ्यापासून घरबांधणीचे तक्ते करू लागली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच चिपाड भट्टीतून बाहेर पडून भिंतीत जाऊन बसलं होतं. ताटात यायला त्याला बराच वेळ लागला.

आता आपल्या चिपाडाकडे वळू. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. मराठवाड्यात पैठणजवळ जायकवाडीचं धरण झालं, १९७६ साली त्याचं लोकार्पण झालं, आणि गोदाकाठी ऊस वाढत गेला. एक टन ऊस गाळला की साधारण शंभर किलोच्या आसपास साखर हाती लागते, आणि ओलं चिपाड निघतं त्याच्या जवळपास तिप्पट. त्या चिपाडात निम्मं पाणी. हिशोब केला तर साखर कारखाना हा साखरेपेक्षा चिपाडाचाच कारखाना म्हणायला हवा!

पण हे चिपाड 'टाकाऊ' होतं का? मुळीच नाही. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं आहे त्यांना आठवत असेल, चरकातून निघालेलं चिपाड शेजारीच वाळत पडलेलं असायचं, आणि वाळलं की चुलवणात जायचं. त्याच्याच आचेवर काहिलीतला रस आटून गूळ व्हायचा. उसाने स्वतःच्याच सरपणावर शिजायचं, असा तो व्यवहार. साखर कारखान्यांनी तेच मोठ्या प्रमाणावर केलं. चिपाड बॉयलरमध्ये जळतं, वाफ होते, तिच्यावर कारखाना चालतो, आणि सहवीजनिर्मिती असेल तर उरलेली वीज विकताही येते. म्हणून ताटवाल्यांना चिपाड फुकट मिळत नाही. ते आधीच कामावर आहे. त्याला तिथून काढून ताट करायचं तर त्याचा भाव बॉयलरमधल्या भावापेक्षा वरचढ हवा. जाहिरातीत 'कचऱ्यापासून ताट' लिहिलेलं असतं, पण शेतकऱ्याच्या आणि कारखान्याच्या वहीत त्याला कचरा म्हणत नाहीत.

बरं, चिपाड आणलं आणि दाबलं की ताट होतं असंही नाही. आधी त्यातलं भेंड वेगळं करावं लागतं, कारण ते पाणी पितं आणि ताटाला जोर देत नाही. उरलेले तंतू कॉस्टिक सोड्यात शिजवायचे, धुवायचे, पांढरे करायचे, मग लगदा. या धुण्यालाही पाणी लागतं, आणि ते पाणी नीट शुद्ध करून सोडावं लागतं. तामिळनाडू सरकारच्या पुढाकाराने उभी राहिलेली कागद गिरणी १९८४ पासून चिपाडाचा कागद करते आहे, त्यामुळे आपल्या देशात हे तंत्र जुनंच आहे.

आणि एक गोष्ट ताट घेताना विचारण्यासारखी. नुसता लगदा तेलकट रस्सा धरत नाही. कितीतरी वर्षं जगभर अशा ताटांना तेल-पाणी आवरण्यासाठी फ्लोरीनची अशी रसायनं लावली जात होती, जी निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. म्हणजे ताट मातीत गेलं, आणि त्यावरचं रसायन मात्र मागे उरलं! अन्नाच्या वेष्टनावरची असली तेलरोधक रसायनं तिथल्या बाजारातून बाद झाल्याचं अमेरिकेच्या औषध आणि अन्न प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. त्यांच्याशिवायही ताटं करता येतात आणि होतात. पण कोणतं ताट कसलं, हे नुसतं बघून कळत नाही. विक्रेत्याला विचारायलाच हवं. आजीच्या पत्रावळीला हा प्रश्न नव्हता. तिचं मेण पानाचं पानावरच होतं.

या सगळ्याच्या मधल्या काळात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे. पळसाच्या पानातलं लोणी गेलं, किराणा दुकानातली दोऱ्याने बांधलेली पुडी गेली. वडापाव वर्तमानपत्रात आला. त्याची शाई अन्नाला लागते म्हणून २०१८ च्या वेष्टन नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई केली, तरी तो अजून पुरता सुटला नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, थर्माकोलची ताटं आली. हलकी, स्वस्त, रस्सा न गळणारी. त्यांनी एकच गोष्ट केली नाही. ती कुजली नाहीत.

२६ जुलै २००५ च्या मुंबईच्या महापुरात तुंबलेल्या नाल्यांसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्यांना दोष दिला गेला. २००६ साली राज्यात अविघटनशील कचऱ्याचा कायदा झाला. आणि २३ मार्च २०१८ ला त्याच कायद्याखाली पिशव्या आणि थर्माकोल-प्लॅस्टिकच्या ताट-वाट्यांवर राज्यभर बंदी आली. चिपाडाच्या ताटाला खरी बाजारपेठ मिळाली ती या बंदीने. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, तेव्हा ती आणखी वाढली.

पण मार्च २०१८ म्हटलं की आमच्या शहराला, तेव्हाच्या औरंगाबादला, वेगळंच काहीतरी आठवतं. कित्येक वर्षं शहराचा सगळा कचरा नारेगावच्या डेपोवर जात होता. धूर, माश्या, मोकाट कुत्री, खराब झालेलं पाणी याला कंटाळून तिथल्या आणि आसपासच्या गावकऱ्यांनी १६ फेब्रुवारी २०१८ पासून कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरात कचऱ्याचे ढीग लागले. दुसरी जागा शोधायला म्हणून गाड्या गावोगाव हिंडल्या, आणि जिथे गेल्या तिथे लोक आडवे आले. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक झाली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, प्रकरण विधिमंडळात गाजलं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. रोज चारशे टनांच्या घरात निघणारा कचरा, आणि तो ठेवायला शहराच्या नावावर एक उकिरडासुद्धा नाही!

त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांत प्लॅस्टिकबंदी आली. त्या दिवसांत आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या ढिगात मी रोज बघायची. त्यात थर्माकोलची ताटं होती, पिशव्या होत्या, आणि एका बारशाच्या चक्क पळसाच्या पत्रावळीही होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून बांधलेल्या. आतल्या आत काळा चिखल होऊन त्यातून वास सुटला होता. जे पान आजीच्या उकिरड्यावर सोन्यासारखं खत होत होतं, तेच पान इथे घाण झालं होतं. पान तेच होतं. त्याला हवा मिळत नव्हती, आणि त्याची वाट बघणारं शेत नव्हतं.

चिपाडाच्या ताटाचं अगदी तसंच आहे. ते काही महिन्यांत कुजतं असं वेष्टनावर लिहिलेलं असतं, ते खोटं नाही. पण त्याला हवा, ओल, ऊब आणि जीवजंतू लागतात. मी गच्चीवरच्या खताच्या बादलीत एक वाटी फाडून टाकली आणि एक अख्खी टाकली. फाडलेली अडीच महिन्यांत दिसेनाशी झाली, अख्खी मात्र तळाशी तशीच ओळखू येत होती. कचऱ्याच्या डोंगरात दहा-वीस फूट खाली दबली तर तिचं खत होणार नाही, मिथेन होईल. मक्याच्या स्टार्चपासून किंवा साखरेपासून केलेलं 'कंपोस्ट होणारं' प्लॅस्टिक तर आणखी हट्टी. त्यातल्या बऱ्याच प्रकारांना साठेक अंश उष्णतेचे मोठे खतप्रकल्प लागतात, घरच्या बादलीत ते दाद देत नाहीत.

म्हणून मला वाटतं, ताट कशाचं हा प्रश्न अर्धा आहे. उरलेला अर्धा प्रश्न तोच आहे जो कृष्णाच्या गोष्टीत आपण देवावर सोपवून मोकळे झालो. उष्टं कोण उचलणार आणि कुठे नेणार? एके काळी त्याचं उत्तर जातीने दिलं. नंतरच्या काळात त्याचं उत्तर नारेगाव होतं. शहराने जेवायचं आणि एका गावाने त्याचा उकिरडा व्हायचं, आणि तोही असा की ज्याचं खत कुणाच्याच शेतात जात नाही. आज चिकलठाणा, पडेगाव, हर्सूलला प्रक्रिया केंद्रं आहेत, कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा प्रकल्प आहे. पण तिथे माल वेगवेगळा पोचला तरच त्यांचा उपयोग. आणि शिवजयंतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे क्रांती चौकात ज्या सफाई कामगार बायका वाकून एकेक वाटी उचलतात, त्यांना वाटी चिपाडाची की थर्माकोलची याने काय फरक पडतो? वाकायचं तेवढंच. फरक पडायचा तर खाणाऱ्याने ती वेगळ्या पिंपात टाकायला हवी.

कुणी म्हणेल, मग स्टीलची ताटंच का नकोत? खरं आहे, सगळ्यात चांगलं ताट तेच, पुन्हा वापरता येणारं. पण आठ-आठ दिवसांनी नळाला येणारं पाणी पाहिलेल्या शहरात सातशे माणसांची ताटं घासायची म्हणजे टँकर मागवायचा. आणि तो ढीग पुढ्यात घेऊन मध्यरात्रीपर्यंत घासत बसणाऱ्या बायका, हेही उष्ट्याचंच काम. उसालाही पाणी फार लागतं, तेव्हा चिपाडाच्या ताटाने पाण्याची बचतच होते असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. सोपं उत्तर नाहीये. पण ऊस तर पिकतो आहेच, चिपाड निघतं आहेच. त्यातलं थोडं ताट होऊन मातीत गेलं तर चांगलंच, बशर्ते ते खरोखर मातीत जावं.

आता घरच्यांसाठी. भाचीच्या लग्नात काय वापरायचं यावर आपल्यात जे चाललं आहे, त्यात माझं मत हे. घरच्या पंगतीला स्टील, आणि आदल्या दिवशीच्या जेवणाला चिपाडाची ताटं, विक्रेत्याला रसायनाचं विचारून घेतलेली. प्लॅस्टिकचे चमचे आणि पाण्याच्या बाटल्या त्यांत मिसळू द्यायच्या नाहीत. उष्टी ताटं फाडून वेगळ्या पोत्यांत भरायची, आणि पोती पैठण रस्त्याला मामांच्या शेतावर न्यायची. मामांनी शेणाच्या खड्ड्याशेजारी जागा काढून दिली आहे. शेणाचा काला आणि पालापाचोळा तिथे आहेच. पावसाळा सरला की बघू काय झालं ते.

मामांनी एक अट घातली आहे आणि ती मला मान्य आहे. त्या पोत्यांना गडी हात लावणार नाही. ज्यांनी जेवण केलं त्यांनीच ती भरायची, त्यांनीच टेम्पोत चढवायची. तेव्हा मावसभावांनो आणि जावईबापूंनो, रात्री जेवण झाल्यावर लगेच गाद्यांकडे वळू नका. हातमोजे मी आणते आहे.